सळईची जागा

एकदा एका गावच्या पिठाच्या गिरणीत एक बातमी अर्धीच दळली गेली.

शेवंताबाई ज्वारीचा डबा काट्यावर ठेवता ठेवता शेजारणीला सांगत होत्या, "तुला कळलं का गं? वाचनालयाचं बांधकाम बघणारे ते म्हातारे सर आहेत ना, ते म्हणे आपल्या हणमंताच्या अंगात लोखंडाची सळई घालणार आहेत. आणि एकदा का सळई आत गेली, की मग हणमंताची—"

एवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. चक्की घरघरू लागली आणि पुढचं वाक्य ज्वारीबरोबर भरडलं गेलं.

रांगेत मागे हणमंताची धाकटी बहीण तनुजा उभी होती. तिला शेवंताबाईंचे नुसते ओठ हलताना दिसले. शेजारणीनं तोंडाला पदर लावला, पण ती हसली की हळहळली, तेही कळेना. पुरी बातमी माणूस पचवतो. अर्धी बातमी घशात अडकते. तनुजानं दळण तिथंच ठेवलं आणि ती तडक बांधकामावर निघाली. कारण ते म्हातारे सर तिचे गुरू होते.

आता हणमंताचं सांगायला हवं. पत्र्याच्या पेट्या करणारा असा कारागीर पंचक्रोशीत नव्हता. त्याच्या पेटीचं झाकण बंद केलं की 'टप्' असा एकच आवाज येई, आणि लेकीला सासरी पाठवताना पेटी हणमंताकडचीच हवी असा गावाचा हट्ट असे. पण दारूनं त्याला असं धरलं की दुकान अर्धा वेळ बंद आणि हातोडी गंजलेली. डॉक्टर झाले, औषधं झाली. शरीरातून दारू निघे, महिनाभर माणूस सरळ चाले, आणि पुन्हा एके संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी त्याचा आरडाओरडा ऐकू येई. त्याची बायको अनुसया भांडली, रडली, शेवटी लहानग्या चिमीला घेऊन माहेरी गेली. जाताना सासूच्या पाया पडून म्हणाली, "आत्याबाई, मी जूनपर्यंत वाट बघेन. जूनमध्ये चिमीचं नाव शाळेत घालायचंय. इकडं सुधारलं तर इकडं घालू. नाही तर तिकडं घालीन, आणि मग मात्र मला बोलवायला येऊ नका."

लेकराचं नाव ज्या गावच्या शाळेत पडतं, ते त्याचं गाव होतं. हे घरात सगळ्यांना कळत होतं. हणमंतालाही कळत होतं. शुद्धीत असला की तो चिमीच्या फ्रॉकची घडी उलगडून पुन्हा घालत बसे.

तनुजानं नुकतीच बांधकामाची पदविका घेतली होती आणि सरांच्या हाताखाली ती काम शिकत होती. सरांचं सारं आयुष्य पूल बांधण्यात गेलेलं. निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयाच्या इमारतीवर ते आपण होऊन देखरेख करीत. बोलणं मोजकं, नजर मात्र घारीची.

तनुजा धापा टाकत पोचली. "सर, तुम्ही माझ्या दादाच्या अंगात सळई घालणार आहात?"

सरांनी चष्मा वर केला. "कोण म्हणालं?"

"गिरणीत बोलत होते."

"गिरणीत? मग फार बारीक दळलं गेलंय," सर हसले. "मी हणमंताबद्दल सळईची गोष्ट काढली होती, हे खरं. पण त्याआधी वर चल. आपल्या सज्ज्याला काय झालंय ते बघू."

वाचनालयाच्या वरच्या मजल्याला पुढं झेपावणारा एक सज्जा काढायचा होता. लोक तिथं उभं राहून पेपर वाचणार, पोरं वाकून खाली बघणार. फळ्या ठोकून झाल्या होत्या, सळ्या बांधून झाल्या होत्या, खाली खडी-वाळू-सिमेंटचा माल कालवण्याची तयारी चालली होती.

"लोखंड पुरेसं आहे?" सरांनी विचारलं.

"आहे, सर. नकाशात आहे तेवढं. एक सळई कमी नाही."

"आहे कुठे पण?"

तनुजा वाकली. आदल्या दिवशी तिनं सळ्या वरच्या बाजूला बांधून घेतल्या होत्या. पण गवंडी-बिगारी घमेली घेऊन त्यांवरून ये-जा करीत होते, आणि त्यांच्या पायांखाली दबून सगळं जाळं खाली, पार फळीला जाऊन टेकलं होतं.

"तीन-चार बोटं खाली गेलंय," ती म्हणाली. मग थोडं चाचरून म्हणाली, "सर, पुस्तकात वर लिहिलंय ते मला पाठ आहे. पण खरं सांगू? खाली गेलं म्हणून एवढं काय बिघडलं? आधार खालूनच द्यायचा असतो ना? पडणाऱ्याला आपण खालूनच तर धरतो."

सर रागावले नाहीत. पण त्यांनी जे केलं, त्यानं सगळं बांधकाम चक्रावून गेलं. कामगार उभे, माल तयार, आणि सर म्हणाले, "आज सज्ज्यात काही ओतायचं नाही. हा माल परसात आणा."

परसातल्या जाड भिंतीतून त्यांनी दोन छोटे सज्जे काढायला लावले. रुंदी फळीएवढी, लांबी हातभर. दोन्हींत सळ्या सारख्याच, मालही त्याच घमेल्यातला. फरक एवढाच, की एकात सळ्या वरच्या अंगाला ठेवल्या आणि दुसऱ्यात, तनुजाच्या मनाला पटत होतं तसं, खालच्या अंगाला.

"म्हातारपणी सरांना भातुकली सुचली," मुकादम पुटपुटला.

दोन्ही सज्ज्यांना तनुजानं रोज पाणी मारलं. ते पुरते पक्के झाल्यावर खालचे टेकू काढले, आणि सर म्हणाले, "आता विटा रच. आधी तुझ्या सज्ज्यावर."

तनुजा एकेक वीट टोकाशी ठेवू लागली. पहिला थर झाला. दुसऱ्या थराला भिंतीजवळ कट्कन आवाज आला, आणि काही कळायच्या आत सगळा सज्जा मान टाकल्यासारखा खाली लोंबला. विटा धडाधड जमिनीवर. आतली सळई धडधाकट होती. ती बिचारी पोटाशी पडून राहिली होती.

दुसऱ्या सज्ज्यावर विटांचा पहिला थर झाला, दुसरा झाला, तिसराही झाला. काही नाही. मग सरांनी विटा उतरवायला लावल्या, धोतर सावरलं, मुकादमाच्या खांद्यावर हात ठेवून ते स्वतः त्या हातभर सज्ज्यावर चढले आणि पाय सोडून टोकाशी बसले.

"सर! उतरा, सर!" तनुजा ओरडली.

"चहा सांगा," सर म्हणाले. "तनुजालाही. तिला आज बोलायचंय."

असा तो चहा झाला. सर अधांतरी बसलेले, तनुजा समोर मोडक्या विटांवर.

"सज्जा पुढं झुकतो तेव्हा त्याचं पोट दाबलं जातं आणि पाठ ताणली जाते," सर म्हणाले. "काँक्रीट हे मोठं सोशिक द्रव्य. दाब कितीही घाला, सोसेल. पण ताण त्याला मुळीच सोसत नाही. म्हणून सळई पाठीला द्यायची. आता घरचं सांग. काल संध्याकाळी काय झालं?"

तनुजाला तेवढंच हवं होतं. काल दादा झुलत आला, पायरीवर पडला, आई धावली, लिंबूपाणी केलं, तिनं स्वतः त्याला दोन शब्द सुनावले, त्यानं ताट फेकलं, गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, शेवंताबाई तर ओट्यावर स्टूल घेऊन बसल्या, मग आई रडली, आईला बघून दादा रडला, शेवटी आईनं त्याच्या डोक्यावर तेल घालून, थोपटून निजवलं. सांगता सांगता चहा गार झाला.

"आणि परवा?"

"परवा तो प्यायला नव्हता."

"मग?"

"मग काही नाही. आला, जेवला, झोपला."

"तुम्ही काय केलंत?"

"काही नाही, सर. आम्हीही सुटकेचा निःश्वास टाकून लवकर झोपलो. गल्लीतही सामसूम."

सरांनी कप खाली ठेवला. "पोरी, तुझ्या घरात मायेचं लोखंड काही कमी नाही. आई आहे, तू आहेस, अख्खी गल्ली आहे. फक्त ते सगळं पायाखाली दबून चुकीच्या अंगाला गेलंय. तुझ्या पुस्तकात एक शब्द आहे, प्रबलन. सळई घालून काँक्रीटला बळ देणं. व्यसनाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही हाच शब्द वापरतात, ठाऊक आहे? एखाद्या कृतीपाठोपाठ माणसाला काही मिळालं की ती कृती पुन्हा घडते. आधी दारूच त्याला तरतरी देते, ती पहिली सळई. मग लिंबूपाणी मिळतं, तेल-थोपटणं मिळतं, गल्लीची नजर मिळते. अगदी भांडण मिळालं, तरी ते कुणीतरी आपल्याकडे पाहिल्याचंच लक्षण. तुम्ही सगळे मिळून त्याच्या पिण्याला सळ्या बांधताय. आणि शुद्धीतली संध्याकाळ? ती तुम्ही नुसत्या काँक्रीटवर सोडली आहे. ताण तर तिथंच आहे! न पिता घरी येणं, हाच त्याचा भिंतीबाहेर झेपावलेला सज्जा. प्रबलनाला चांगलं-वाईट कळत नाही, पोरी. ते ज्यात घालाल, ते बळकट होतं."

तनुजानं त्या लोंबणाऱ्या सज्ज्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे तो पिऊन पडला तर आम्ही बघायचंच नाही?"

"पडला तर उचला. कुशीवर निजवा. पाणी, ताट जवळ ठेवा. डॉक्टरांचं औषध चुकवू नका, आणि जास्त वाटलं तर डॉक्टरांना बोलवा. माणूस टाकायचा नाही. पण कीर्तन नको, कुस्ती नको आणि तेल तर नकोच. आणि न पिता घरी आला की तिथल्या तिथं, त्याच संध्याकाळी, त्याला काहीतरी मिळू दे. आठवड्यानं केलेलं कौतुक कामाचं नाही. माल घट्ट झाल्यावर सळई आत घालता येत नाही."

आईला पटवणं सोपं गेलं. थोपटणारा हात थांबवायचा नाही, फक्त त्याची संध्याकाळ बदलायची, एवढं तिला कळलं. कठीण होत्या शेवंताबाई.

"म्हणजे तो पिऊन आला की मी खिडकीत यायचं नाही?" त्या कडाडल्या. "अगं, मग मी दिवेलागणीला करू तरी काय?"

"तो शुद्धीत येईल त्या दिवशी या ना, काकू."

"शुद्धीतल्या माणसात बघण्यासारखं काय असतं, बाई!"

"तेच तर सर म्हणतात," तनुजा म्हणाली. "कुणी बघतच नाही."

शेवंताबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "असं बघते आता की त्याला घाम फुटेल."

आणि घाम फुटलाच. त्यानंतर हणमंता पहिल्यांदा शुद्धीत घरी निघाला, तर गल्लीतल्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड उघड्या, आणि शेवंताबाई ओट्यावरून मोठ्यानं म्हणतात, "अगंबाई! हणमंतराव, आज किती सरळ चाललाय हो! रेघ मारल्यासारखे!"

हणमंताचा चेहरा काळवंडला. तो आल्या पावली मागं वळला, आणि त्या संध्याकाळी पिऊनच घरी आला.

तनुजा सरांसमोर जाऊन उभी राहिली तेव्हा सर म्हणाले, "ही सळई नव्हे, हा खिळा झाला. शुद्धीत आला म्हणून टाळ्या पिटू नका. त्यात जुन्या पिण्याचा टोमणा असतो. माणसाला माणसासारखं काय मिळतं? कुणी हाक मारतं. काही विचारतं. काही काम सांगतं. ते द्या."

पुढच्या खेपेला शेवंताबाई आपली लग्नातली पेटी ओट्यावर घेऊन बसल्या. "हणमंतराव, जरा बघता का? झाकण बसत नाही हो. तुमच्याच वडिलांच्या हातची आहे."

हणमंता संशयानं थबकला. पेटी पाहिली, बिजागरीवर बोट फिरवलं. "वाकलीय. हातोडी आणतो." ठोकत बसला. कुणी चहा आणला, कुणी भजी आणली. समोरच्या म्हाताऱ्यानं, पत्रा कुठला चांगला, यावर वाद घातला आणि हणमंतानं त्याला असा हरवला, की गल्ली हसली, आणि बऱ्याच काळानं ते हसणं हणमंतावर नव्हतं. झाकण 'टप्' करून बसलं. घरी गेला तेव्हा आई तेलाची वाटी घेऊन बसली होती. "आज ये, डोकं चोळून देते," म्हणाली. त्याचे डोळे मिटले ते लहान मुलासारखे.

मग गल्लीत एक नवाच प्रघात पडला. हणमंता झुलत आला की खिडक्या एकेक करून मिटत. तो मध्यभागी उभा राहून ओरडे, "या की बाहेर! बघा की!" आणि कुत्र्याशिवाय कुणी उत्तर देत नसे. एकदा तर तो वैतागून म्हणाला, "काय रे, सगळे गावाला गेलेत काय?" घरात ताट झाकलेलं, पाण्याचा तांब्या भरलेला, आई पलीकडं जपमाळ ओढत, एक डोळा त्याच्यावर ठेवून. बस. आणि शुद्धीत आला की गल्लीला अचानक पेट्या आठवत, कोठ्यांची भोकं आठवत, दाराच्या कड्या आठवत. कुणाला त्याचं मत हवं, कुणाला नुसतीच गप्पांना सोबत. लोकांना वाटलं होतं, हे नाटक करावं लागेल. पण हणमंता शुद्धीत मोठा गमत्या होता, हे गल्ली इतकी वर्षं विसरूनच गेली होती. नाटक कधी संपलं आणि ओढ कधी लागली, कुणाला कळलं नाही.

पिण्याच्या संध्याकाळी विरळ होत गेल्या. दुकानाची फळी रोज उघडू लागली. उन्हाळा आला, तोवर लोक म्हणू लागले, "हणमंता सुटला!"

आणि नेमकं तेव्हाच ते झालं. पलीकडच्या गावचं लग्नसराईचं मोठं काम त्यानं वेळेत पुरं केलं, गिऱ्हाईक खूश झालं, आणि जुने सोबती म्हणाले, "एवढ्यानं काय होतंय?" हणमंता पुन्हा झुलत आला. खिडक्या मिटल्या खऱ्या, पण मिटलेल्या खिडक्यांमागं सारी गल्ली उसासली. शिवाय कुणीतरी अनुसयेच्या माहेरी फोनही केला. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. वाईट बातमीला फोन करणारा सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी तनुजा सरांकडे आली ती डोळे सुजवून. "फुटलं, सर. शाळा उघडायला आलीय. वहिनी आता येत नाही. सगळं फुटलं."

सर तिला परसात घेऊन गेले. वरच्या सळईचा तो सज्जा अजून तसाच भिंतीतून बाहेर होता. "त्याच्या पाठीवर, भिंतीजवळ बोट फिरव."

तिनं फिरवलं. केसाएवढी एक रेघ बोटाला लागली. "सर! याला तर तडा गेलाय!"

"मी बसलो होतो, तेव्हाच गेला."

तनुजानं बोट मागं घेतलं. "आणि तुम्ही चहा पीत बसलात?"

"काँक्रीट ताणात आधी तडकतंच. तोवर सळई आत आळसावून पडलेली असते. तो बारीक तडा गेला, की मग ती ताणली जाते आणि म्हणते, आता भार माझ्यावर. तडा जाणारच नाही असा सज्जा आम्ही बांधत नाही, पोरी. तडा गेला तरी पडणार नाही, असा बांधतो." सरांनी आपली काठी उचलली. "काल काय झालं, ते सोड. तुमची सळई आतापर्यंत खरी ताणलीच गेली नव्हती. ती आज संध्याकाळी कळेल."

ती संध्याकाळ आली. उन्हं उतरली. दुकानातून हणमंता निघाला तो शुद्धीत होता, पण मान अशी खाली, की गल्लीच्या फरश्या मोजत चालल्यासारखा. त्यानं ठरवलं असावं, की आज कुणी तोंडावर थुंकलं तरी पुसायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. एक वाट घराकडे, एक वाट गुत्त्याकडे. खिडक्या मिटलेल्या.

तनुजा दारात उभी होती. तिच्या ओठांवर कालचा सगळा राग आलेला, 'काय रे दादा, लाज नाही वाटली?' एवढंच म्हणायचं बाकी. तिनं ओठ चावले. तेवढ्यात तिची नजर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेली. एसटीतून उतरून, चिमीचं बोट धरून, अनुसया वहिनी येत होती. तिच्या चेहऱ्यावर निकाल लावायला आलेल्या माणसाची शांतता होती. हणमंताला ती दिसली नव्हती. ती भिंतीच्या सावलीत थांबली आणि बघत राहिली.

मग कर्र करून एक खिडकी उघडली. शेवंताबाईंची. दोन शब्द सुनवायचा मोह त्यांना झाला नसेल असं नाही. त्यांचा घसा तर त्यासाठीच घडलेला. पण त्या बाहेर वाकून म्हणाल्या, "अहो हणमंतराव, उभे काय राहिलात? चहा उकळून उकळून काळा झाला. आणि कोठीचं टोपण आणून ठेवलंय, ते कधी बघणार?"

मग समोरची खिडकी उघडली. "माझी बादली राहिली हो!" मग तिच्या शेजारची. मग एकामागून एक, दोन्ही बाजूंनी, अशा खिडक्या उघडत गेल्या, की त्या चिंचोळ्या गल्लीत उजेडाच्या पायघड्या पडल्या. काल तो पिऊन आला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी त्याचं नावही काढलं नाही.

हणमंतानं मान वर केली. गुत्त्याची वाट डाव्या हाताला होती, ती तिथंच राहिली. तो घराच्या वाटेनं चालू लागला, आणि आठ-दहा पावलांवर अनुसया त्याच्यासमोर आली.

"काल प्यायला होता?" तिनं विचारलं.

इतकी वर्षं या प्रश्नाला हणमंताकडं कारणं असत. मित्र भेटला, काम अडलं, तूच भांडलीस. गल्लीनं कान टवकारले.

"होय," तो म्हणाला.

"आज?"

"नाही."

"उद्या?"

हणमंतानं चिमीकडं पाहिलं, मग उघड्या खिडक्यांकडं. "उद्याचं आज सांगत नाही. पण उद्या दिवेलागणीला इथंच असेन. कोठीचं टोपण आहे, बादली आहे. यांना सोडवत नाही गं मला."

अनुसया हसली नाही, पण तिचा आवाज मऊ झाला. "चिमीचं नाव इथल्या शाळेत घाला," ती म्हणाली. "मी राहते. माझी पेटी मात्र माहेरीच राहू दे अजून. तिकडून एकेक लुगडं आणीन, जसजसं पटेल तसतसं."

"पेटी ने-आण करायला जडच आहे," हणमंता म्हणाला. "मीच केलीय ती. तिथंच राहू दे."

तेव्हा मात्र ती हसली, आणि मग सगळी गल्लीच अशी हसली, रडली आणि बोलू लागली, की चिमी घाबरून आजीला बिलगली. कुणीतरी कुठून तरी गूळ आणला. ज्या गल्लीनं त्याच्या पडण्याचा तमाशा पाहिला होता, तिनं त्याच्या चालण्याची वरात काढली. तनुजानं दारातूनच पाहिलं, की गल्लीच्या तोंडाशी सर काठी टेकून उभे होते. पुढं आले नाहीत. सज्जा नीट आहे ना, एवढं बघून मागं फिरावं, तसे मागं फिरले. तिच्या मनात आलं, लोखंड तेच होतं, माणसं तीच होती. कुणी नवं आणलं नाही. फक्त खालचं वर आलं.

चिमी शाळेत जाऊ लागली. वाचनालयाचा सज्जा, सळ्या पुन्हा उचलून, पक्क्या खुंट्यांवर ठेवून, भरला गेला. त्यावर आता पोरं वाकून खाली बघतात. अनुसयेची लुगडी एकेक करून येत आहेत.

गिरणीत अजूनही कुणी तरी शेवंताबाईंना विचारतं, "काय हो, सरांनी म्हणे हणमंताच्या अंगात सळई घातली आणि त्याची दारू सुटली. खरं का?"

शेवंताबाई गिरणीवाल्याला हातानं थांबवतात. हे वाक्य त्या चक्कीच्या आवाजात जाऊ देत नाहीत.

"अर्धं खरं," त्या म्हणतात. "सळई घातली, पण त्याच्या अंगात नाही घातली. आमच्या घातली. आणि दारूचं म्हणशील, तर आजची सुटलीय. उद्याचं उद्या दिवेलागणीला बघू, आम्ही आहोत खिडकीत."